पोकळीच्या जोरावर



शोकसभेला गेलात तर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. 'त्यांच्या जाण्यानं कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' वक्ते बदलतात, गेलेला माणूस बदलतो, पोकळी तीच असते. आम्हा कवी मंडळींनीही या शब्दाला कमी राबवलेलं नाही. आमच्या घरी उर्दू पुस्तकं असायची, त्यांत तिला 'खला' म्हणत. तोही शब्द गझलेत छान बसतो. पण आज मला जिच्याविषयी बोलायचं आहे ती पोकळी शोकसभेतली नाही आणि गझलेतलीही नाही. ती मोटारीच्या इंजिनात असते. एका मिनिटात शेकडो वेळा तयार होते, शेकडो वेळा भरून निघते, आणि त्या भरण्या-रिकामं होण्यात बरीच कामं उरकून जाते. गॅरेजमध्ये तिला व्हॅक्यूम म्हणतात.

मला हे सगळं कळलं ते मामूंमुळं. आईचे थोरले भाऊ. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीच्या टोकाला त्यांचं गॅरेज होतं. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, पण शाळा-कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या तिथल्या ऑइल सांडलेल्या बाकड्यावर गेल्या. मामू चौथीपर्यंत शिकलेले. एखादी जुनी गाडी आली की बॉनेट उघडून ते आधी नुसते ऐकत. मग रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावायचा आणि दुसरं टोक इंजिनाभोवती फिरवायचं. कुठंतरी बारीक 'सूंऽऽ' ऐकू आलं की म्हणायचे, "मॅनिफोल्ड एअर घेतोय." डॉक्टरच्या स्टेथोस्कोपनं छाती तपासावी तसं ते काम चालायचं.

एअर घेतोय म्हणजे काय, ते आधी सांगतो. पेट्रोलचं इंजिन हा मुळात एक पंपच आहे. पिस्टन खाली सरकला की वरची जागा मोठी होते आणि बाहेरची हवा आत शिरायला धावते. तिच्या वाटेवर, कार्बोरेटरच्या नरड्यात, एक गोल पाकळी बसवलेली असते. मेस्त्री लोक तिला बटरफ्लाय म्हणतात. आपण अॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा खरं तर ही पाकळी उघडतो. पाय काढला की पाकळी जवळजवळ मिटते. आता पिस्टन तर हवा मागतोच आहे आणि दार बंद. मग पाकळी आणि पिस्टन यांच्या मधल्या नळीत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. हाच इंजिनाचा व्हॅक्यूम.

तो मोजतात पाऱ्याच्या इंचांत. इटलीच्या टॉरिचेल्लीनं सतराव्या शतकात पाऱ्याची नळी उलटी करून वातावरणाचा दाब दाखवला, तेव्हापासूनची ही पद्धत. समुद्रकाठी वातावरणाचा दाब जवळजवळ तीस इंच पाऱ्याइतका. चांगलं इंजिन स्लोवर, म्हणजे नुसतं जागेवर चालू असताना, सतरा ते एकवीस इंचांचा व्हॅक्यूम दाखवतं. अॅक्सिलरेटर तळाला दाबा, पाकळी सताड उघडते, आणि काटा शून्याच्या जवळ येतो. आणि गाडी गिअरमध्ये पळत असताना पाय एकदम उचला, तर काटा बावीस-चोवीसपर्यंत चढतो.

ही उलटी चाल लक्षात ठेवा, पुढं सारखी लागणार आहे. इंजिन जितकं आरामात तितकी पोकळी मोठी. इंजिन जीव तोडून ओढायला लागलं की पोकळी नाहीशी.

एक गोष्ट मात्र मामू कुणालाही म्हणू देत नसत. पोकळी ओढते, असं. "आरं, ती कशाला ओढत्या? तिच्यात हाय काय ओढायला? भायेरची हवा ढकलत्या." उसाच्या रसाच्या गाड्यावर ग्लासात नळी घालून आपण रस ओढतो असं आपल्याला वाटतं. आपण फक्त तोंडातला दाब कमी करतो. रसावर बाहेरून हवा बसलेली असते, ती त्याला वर ढकलते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, एवढं हवेचं ओझं आपण सगळे सतत वागवत असतो. दोन्ही बाजूंनी सारखं असतं म्हणून जाणवत नाही. एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूचं बळ दिसतं. जर्मनीत ऑटो फॉन गेरिकेनं १६५० च्या दशकात तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना नुसते लावून आतली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. त्याच्याही सात शतकं आधी फाराबीनं पोकळी या विषयावर छोटा ग्रंथ लिहिला होता आणि पाण्यात बुडवलेल्या भांड्यांचे दाखले देऊन हाच प्रश्न चघळला होता. तात्पर्य, पोकळी माणसाला खेचून घेते वगैरे आम्ही कवितेत लिहितो ते पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनं कच्चं आहे. जोर सगळा भरलेल्या बाजूचा.

आणि म्हणूनच कोल्हापूरचा काटा मुंबईच्या काट्यासारखा नसतो. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, म्हणजे अठराशे फुटांवर. दर हजार फुटांना वातावरणाचा दाब सुमारे एक इंच पारा उतरतो. म्हणजे बाहेरून ढकलणारी हवाच इथं जवळजवळ दोन इंच कमी. मुंबईत एकोणीस इंच दाखवणारं निरोगी इंजिन कोल्हापुरात सतरा दाखवणार. मामूंच्या व्हॅक्यूम गेजवर त्यांनी सतराच्या आकड्याशी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. परदेशी पुस्तक वाचून आलेला एखादा हुशार माणूस काटा कमी आहे म्हणून रिंगा बदलायला सांगायचा. मामू त्याला आधी चहा द्यायचे.

माणसाचा स्वभावच असा की फुकटचं बळ दिसलं की त्याला काम लावायचं. इंजिन चालतंय, पोकळी आपोआप तयार होते आहे, एक नळी जोडली की झालं. वीज लागत नाही, पट्टा लागत नाही. मोटारी नव्या होत्या त्या काळात गाडीतली वीज फारच दुबळी होती, त्यामुळं हे आणखी सोयीचं. पहिल्यांदा तिच्याकडून पेट्रोल भरून घेतलं. फोर्डच्या टी मॉडेलमध्ये पेट्रोल नुसत्या उतारानं कार्बोरेटरकडं यायचं आणि टाकी सीटखाली होती. मोठा चढ आला की टाकी खाली आणि कार्बोरेटर वर, पेट्रोल पोचेना. मग लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. १९२० च्या आसपासच्या बड्या गाड्यांत यावर तोड म्हणून इंजिनाजवळ एक छोटी व्हॅक्यूमची टाकी बसवत. मागच्या मोठ्या टाकीतलं पेट्रोल पोकळीच्या जोरावर पुढं यायचं. सपाट रस्त्यावर झकास. पण लांबलचक घाट, पाय तळाला, व्हॅक्यूम शून्य. छोटी टाकी संपली की गाडी गप्प. म्हणून जाणता ड्रायव्हर चढावर मधूनच एक क्षण पाय उचलायचा, पोकळी होऊ द्यायचा, टाकी भरून घ्यायचा, मग पुन्हा पाय दाबायचा.

हा पाय उचलण्याचा प्रकार मी स्वतः पाहिला तो वायपरसाठी. मामूंकडं साठच्या दशकातली एक जुनी जीप होती. वायपर व्हॅक्यूमवर चालणारा, तोही फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. शेजाऱ्याच्या बाजूचा वायपर हातानं फिरवायचा. १९८५ च्या पावसाळ्यात आम्ही वैभववाडीकडून करूळ घाटानं गगनबावड्याला चढत होतो. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला मी काय सांगणार! वर चढायला लागलो, मामूंनी पाय दाबला आणि काचेवरचा वायपर मंद मंद होत मध्येच उभा राहिला. पाण्याचा पडदा. डावीकडं दरी आहे एवढंच माहीत. मी माझा वायपर हातानं फिरवतोय, पण त्यानं मला दिसणार, मामूंना नाही. मामूंनी शांतपणे एक क्षण पाय उचलला. वायपरनं फटाफट तीन फेऱ्या मारल्या. वळण दिसलं. पुन्हा पाय दाबला, वायपर पुन्हा उभा. असं करत करत आम्ही घाट चढलो. त्या दिवशी त्यांनी घाटाचा प्रत्येक तुकडा तीन फेऱ्यांच्या उजेडात पाहिला आणि मधला पाठ असल्यासारखा चालवला.

लोकांना जुन्या वस्तूंविषयी उगीच हळवं व्हायची सवय असते. मला वाटतं व्हॅक्यूमचा वायपर ही मुळातच चुकीची कल्पना होती. पाऊस सर्वांत जास्त कुठं? घाटात. इंजिनावर ताण सर्वांत जास्त कुठं? घाटात. आणि वायपर नेमका तिथंच बसणार. पुढं काही कंपन्यांनी पेट्रोलपंपाला जोडूनच एक जादा व्हॅक्यूमचा पंप दिला, त्यानं थोडं भागलं. तरी अमेरिकेत अशा गाड्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निघत होत्या याचं मला नवल वाटतं. त्यांच्या रस्त्यांत करूळ घाट नसेल!

हीच पोकळी शहाण्या हातात पडली तर काय करते, त्याचंही उदाहरण आहे आणि ते कोल्हापूरकरांच्या ओळखीच्या नावाचं आहे. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला छत्रपती येतात ती मेबॅक मोटार लहानथोर सगळ्यांनी पाहिलेली. १९३० च्या दशकातली जर्मन गाडी. शाहू महाराजांच्या काळात, १९०६ साली, त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. लहानपणी आम्ही पोरं त्या बाजूला जागा धरून उभी असायचो. बाकीच्यांचं लक्ष शमीच्या पूजनाकडं, माझं गाडीच्या आवाजाकडं. ती माणसाच्या चालीनं गर्दीतून सरकायची आणि आवाज असा यायचा की जणू आत कुणी चटई झटकतंय, तीही लांब कुठंतरी.

ज्या विल्हेल्म मेबॅकच्या नावानं ही कंपनी निघाली, त्यानंच १८९० च्या दशकात बारीक तोंडातून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर केला. हवा अरुंद नरड्यातून वेगानं गेली की तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल फवारा होऊन बाहेर ढकललं जातं. म्हणजे कार्बोरेटर हासुद्धा दाबाच्या फरकाचाच खेळ. विल्हेल्मचा मुलगा कार्ल. बापलेकांनी १९०९ साली काढलेला कारखाना आधी झेपेलिन विमानांची, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या त्या अजस्र जहाजांची इंजिनं करायचा. पहिल्या महायुद्धानंतर ते मोटारींकडं वळले. त्यांच्या बड्या गाड्यांत गिअर बदलण्याची एक खुबी होती. गिअर बदलायला मोठा दांडा ओढायचा, क्लच सांभाळायचा, ही कसरत नको म्हणून स्टिअरिंगवरच लहान दांड्या दिल्या. ड्रायव्हरनं पुढचा गिअर आधीच निवडून ठेवायचा. मग अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. पाय उचलला की काय होतं? पोकळी वाढते. त्या पोकळीच्या जोरावर गिअर आपला आपण पडायचा. पाय उचलणं हाच हुकूम आणि तीच ताकद. वायपरवाल्यांना जे अडचणीचं झालं होतं, त्याचाच कार्ल मेबॅकच्या माणसांनी उपयोग करून घेतला.

असाच एक हुशार उपयोग साध्या गाड्यांतही होता आणि तो कुणाच्या नजरेत भरत नसे. अॅम्बॅसेडरचं बॉनेट ज्यांनी उघडलं असेल त्यांना आठवेल, डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे आपल्या मेस्त्रींच्या डेल्कोच्या, बाजूला पत्र्याची एक चपटी डबी असते आणि तिच्यातून एक बारीक नळी कार्बोरेटरकडं जाते. डबीत रबराचा पडदा. गाडी सपाट रस्त्यावर हलक्या पायानं चालली असेल तर इंजिनात मिश्रण विरळ असतं आणि विरळ मिश्रण हळू जळतं, म्हणून ठिणगी जरा आधी पडायला हवी. ताण आला की उलट, ठिणगी जरा उशिरा. इंजिनावर ताण किती आहे हे डेल्कोला कोण सांगणार? पोकळी सांगते. ती वाढली की पडदा हलतो, ठिणगी आधी पडते. कमी झाली की पडदा मागं. हा पडदा फाटला तरी गाडी चालते. फक्त पेट्रोल जास्त पिते आणि मालक पंपवाल्यावर संशय घेत राहतो. आजच्या गाड्यांत तो पडदा नाही, पण बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर आहे आणि तो कॉम्प्युटरला हाच निरोप देतो.

आता ब्रेक. इथं मात्र मी जरा सावकाश बोलणार आहे.

ब्रेकला पोकळीची मदत घ्यायची कल्पना १९२० च्या दशकातली. बेल्जियममध्ये देवांद्र नावाच्या इंजिनिअरनं आणि अमेरिकेत केलेब ब्रॅग नावाच्या शर्यतपटूनं एका जोडीदाराबरोबर तिला आकार दिला. वेगाच्या नादी लागलेल्या माणसाला थांबण्याचा विचार आधी सुचला, हे मला फार आवडतं. त्या यंत्राला आपण बूस्टर म्हणतो. पत्र्याचा मोठा डबा, मध्ये रबराचा पडदा, दोन्हीकडं पोकळी. ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला की मागच्या खणात बाहेरची हवा शिरते, पुढच्या खणात पोकळीच राहते, आणि हवा पडद्याला पुढं ढकलते. आठ इंची पडदा आणि सतरा इंच व्हॅक्यूम धरला तर हा जोर सुमारे एकशे नव्वद किलोचा होतो. म्हणजे तुमच्या पायाच्या जोडीला तालमीतले दोन पैलवान. मॅनिफोल्डपासून डब्यापर्यंत जी नळी येते तिच्यात एकदिशा व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद पडलं तरी डब्यातली पोकळी शिल्लक राहावी म्हणून. ती शिल्लक पुरते दोन, फार तर तीन वेळा पेडल दाबण्यापुरती.

नव्वदच्या दशकात एक मोटार गॅरेजला ओढून आणली. पुढचा भाग चेपलेला. आंबा घाट उतरताना कठड्यावर बसली होती. नशीब, दरीच्या बाजूला नव्हे. मालक तरुण व्यापारी, घरची माणसं बरोबर होती, पोराच्या कपाळाला चार टाके. तो तावातावानं सांगत होता की ब्रेक फेल झाले, आदल्याच महिन्यात दुसरीकडं ब्रेकचं काम करून घेतलं होतं, त्या मेस्त्रीवर केस करतो. मामूंनी ऐकून घेतलं. ब्रेकचं तेल बघितलं, पुरेसं होतं. मग ते इंजिन बंद असतानाच सीटवर बसले आणि पेडल चार-पाच वेळा दाबलं. ते दगडासारखं कडक झालं. पाय तसाच दाबून धरला आणि पोराला चावी फिरवायला सांगितली. इंजिन चालू झालं तसं पेडल त्यांच्या पायाखाली अलगद दोन बोटं खाली गेलं. मामू उतरले. म्हणाले, "बूस्टर चांगला हाय, ब्रेकबी चांगलं हाईत. घाटात चावी फिरवली हुतीस न्हवं?"

तो गप्प. मग त्याची बायको म्हणाली, "पेट्रोल वाचतंय म्हणून नेहमीच बंद करतात."

सगळा हिशोब स्पष्ट झाला. उतारावर इंजिन बंद. पहिल्या वळणाला ब्रेक चांगला लागला, दुसऱ्याला जरा कडक, तिसऱ्याला शिल्लक संपली. ब्रेक गेले नव्हते, पैलवान घरी गेले होते. अशा वेळी पेडल दाबलं जातं, पण दोन्ही पायांचं वजन टाकावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढ्यात ते सुचत नाही. त्यातून चावी पुरती मागं फिरवून काढली तर स्टिअरिंगही लॉक होतं. मामूंनी त्याला ओरडायचं सोडून त्याच्या बायकोला समजावून सांगितलं. "ताई, घाट उतरताना गाडी गिअरमध्येच पाहिजे आन् इंजिन चालूच पाहिजे. उतारावरच व्हॅक्यूम सगळ्यात जास्त मिळतो." मघाशी मी बावीस-चोवीसचा आकडा सांगितला तो हाच. गिअरमध्ये उतरणारी, पाय उचललेली गाडी बूस्टरला सर्वांत जास्त पोकळी पुरवते, शिवाय इंजिन स्वतः वेग रोखून धरतं. इंजिन बंद करणारा नेमकं तेच फेकून देतो.

हे फक्त जुन्या गाड्यांचं नाही. आजही ज्या गाड्यांत असा बूस्टर आहे त्यांना हे लागू आहे. आणि पेट्रोल वाचवण्याची गोष्ट तर आता उरलेलीच नाही. इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय उचलून उतरलात तर कॉम्प्युटर पेट्रोलच बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. तरीही आंबा आणि फोंडा घाटात मुकाट्यानं घरंगळत येणाऱ्या गाड्या मी अजून पाहतो. आवाज नसलेली गाडी वळणावर समोर आली की माझ्या अंगावर काटा येतो.

रेल्वेनं हाच व्हॅक्यूम वापरला, पण विचार उलटा केला. मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली १८९१ साली. आपल्याकडच्या गाड्यांना कित्येक दशकं व्हॅक्यूमचेच ब्रेक होते. आता एअर ब्रेक आले. जुन्या लोकांना आठवत असेल, साखळी ओढली की 'गाडीचा व्हॅक्यूम गेला' असं म्हणत. तिथं रचना अशी की नळीत व्हॅक्यूम आहे तोवर ब्रेक सुटलेले. साखळी ओढा, नळी फाटो, डबे तुटो, व्हॅक्यूम गेला की ब्रेक आपोआप लागणार. बिघाड झाला तर गाडी थांबायची. मोटारीत बिघाड झाला तर मदत थांबते.

बिघडल्यावर वस्तू कोणत्या बाजूला पडावी, हा प्रश्न सर्वांनीच विचारला होता असं नाही. इंग्लंडची लोटस एलान, १९६२ ची, छोटी, हलकी, शर्यतीच्या जातीची गाडी. तिचे दिवे नाकात दडवलेले, चालू केले की पोकळीच्या जोरावर वर यायचे. पोकळी साठवायला वेगळी टाकी नाही, गाडीच्या चासीतला पुढचा आडवा पोकळ तुकडाच टाकी म्हणून वापरला. काटकसरीचा कळस! पण सुरुवातीच्या गाड्यांत व्हॅक्यूम गळाला की दिवे खाली जायचे. रात्रीच्या रस्त्यावर गाडीनं डोळे मिटायचे. पुढं त्यांनी रचना फिरवली, व्हॅक्यूम गेला तर दिवे वर राहतील अशी. अमेरिकेत १९६७ च्या मर्क्युरी कूगरच्या दिव्यांवरची झाकणं आणि १९६८ च्या कॉर्व्हेटचे दिवेही असेच पोकळीवर चालत. कॉर्व्हेटमध्ये तर वायपर झाकणारी फळीसुद्धा. नळ्या जुन्या होऊन कुठं चिरली की एक दिवा उघडा, एक अर्धा मिटलेला. मर्सिडीजनं सत्तर-ऐंशीच्या दशकात दारांची कुलुपं व्हॅक्यूमवर चालवली. डिझेल इंजिनाला मुळात ती पाकळी नसते, त्यामुळं पोकळीही नसते. म्हणून डिझेल गाड्यांना व्हॅक्यूमचा वेगळा पंप द्यावा लागला, आणि त्याच व्हॅक्यूमनं मर्सिडीजचं डिझेल इंजिन बंदही व्हायचं. नळी फाटली की चावी काढून खिशात घातली तरी इंजिन चालूच. असा एक गृहस्थ गॅरेजच्या दारात गाडी चालूच ठेवून, भूत लागल्यासारखा आत आला होता.

कोल्हापूरला वेगाचं वेड जुनं आहे. घोडे झाले, बैलगाड्या झाल्या, मोटारसायकली झाल्या, शहराबाहेर मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅकही झाला. हल्ली तरुण पोरं जुन्या गाड्या हुडकून आणतात, कुणी काँटेसा, कुणी जुनी अमेरिकन आठ सिलिंडरची, आणि त्यांना पुन्हा जिवंत करतात. मला याचा आनंद वाटतो. मात्र त्यांना गाडी स्लोवर असताना एक विशिष्ट आवाज हवा असतो. धडधड, अडखळत, टापा आपटल्यासारखा. तो येतो शर्यतीच्या कॅमशाफ्टमुळं. त्यात आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह बराच वेळ एकाच वेळी उघडे असतात. जोरात पळवायला ते उत्तम. पण स्लोवर जळका धूर उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि व्हॅक्यूम सतराचा दहावर येतो. मग बूस्टरचा जोरही त्याच हिशोबानं एकशे नव्वद किलोचा एकशे दहाच्या आसपास. इंजिनाची ताकद वाढवली आणि थांबण्याची कमी केली.

मामूंच्या अखेरच्या दिवसांत माझा एक भाचा अशीच गाडी घेऊन त्यांना दाखवायला आला होता. मामू खुर्चीत बसूनच म्हणाले, "गेज लाव." काटा दहावर थरथरत होता. "आवाज इकत घेतलास आन् ब्रेक इकलास. जा, टाकी बसवून आण." मग त्यांनी त्याला सांगितलं की व्हॅक्यूमची जादा टाकी बसव, नाहीतर विजेवर चालणारा छोटा पंप, आणि तेवढंही नको असेल तर कॅमशाफ्ट परत कर. भाच्यानं पंप बसवला. आवाज मात्र ठेवला, तेवढी सूट मामूंनी दिली.

जुनी गाडी घरात असेल तर पोकळीच्या सगळ्या नळ्या वर्षातून एकदा हातानं दाबून बघाव्यात. रबर कडक झालं, वाकवल्यावर चिरा दिसल्या, की ते काढून टाकायचं. बागेला पाणी घालायची नळी तिथं लावू नये. गरम इंजिनाजवळ ती मऊ होते आणि आतून चपटी बसते. बाहेरून काही दिसत नाही. मामूंनी गाडीच्या मालकाला दाखवलेली ती पेडलची परीक्षा कुणालाही करता येते, त्याला मेस्त्री लागत नाही.

आता विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांना इंजिन नाही, म्हणजे फुकटची पोकळी नाही. काही गाड्यांत त्यासाठी विजेवरचा लहान व्हॅक्यूम पंप असतो, काहींत ब्रेकची मदतच थेट विजेची. मागच्या वर्षी पुण्यात अशा एका टॅक्सीत बसलो. ड्रायव्हरनं सिग्नलला दोन-तीनदा ब्रेक दाबला तसं पुढून बारीक घरघर आली आणि थांबली. मी विचारलं, "हा व्हॅक्यूमचा पंप का हो?" तो म्हणाला, "कशाचा काय माहीत काका, कंपनीचाच आवाज आहे, घाबरू नका."